गुलब्याच्या डाव्या कुशीत

मी एक जुना जंतू आहे आणि फार भित्रा आहे. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे माझी गोष्ट ऐकताना तुम्ही शौर्याची वाट बघत बसणार नाही.

मित्रांनो, जंतू म्हटलं की तुम्ही हात धुवायला धावता. जरूर धावा, माझी काही तक्रार नाही. पण ताप आणणाऱ्या, खोकला आणणाऱ्या मंडळींतला मी नव्हे. माझं घर बैलाच्या पोटात आहे. गुरांच्या पोटाला चार कप्पे असतात. त्यांतला सगळ्यात मोठा डाव्या बाजूला असतो, त्याला कोठीपोट म्हणतात. तिथं अंधार असतो, ऊब असते आणि वारा अजिबात नसतो. कडबा, गवत, पाला जे काही बैल खाईल ते आमच्या अंगावर येऊन पडतं. तुम्हाला खोटं वाटेल, पण बैलाला स्वतःला कडबा पचवता येत नाही. तो चावतो, गिळतो, पुन्हा तोंडात आणून चावतो. त्यालाच रवंथ म्हणतात. कडब्याचा धागा न् धागा सोडवून त्याचं बळ करायचं काम मात्र आमचं. औत बैलानं ओढलं असं सगळे म्हणतात. आमचं नाव आजवर कुणी घेतलेलं मी ऐकलं नाही.

दूर समुद्रात म्हणे खडकांवरचं शेवाळ चरणारे मासे असतात, आणि त्यांच्या आतड्यांतही आमच्यासारखेच जीव राहतात. ते नसतील तर माशाला शेवाळ खाऊनही उपाशी राहावं लागेल. गुरांचे एक डॉक्टर कुणाला तरी हे सांगत होते, तेव्हा मी ऐकलं. मला त्या भाऊबंदांचा हेवाच वाटला. चहूकडे पाणीच पाणी! आमच्या नशिबी मात्र लातूरकडचा उन्हाळा आला.

माझं वय विचारू नका. आम्ही एकाचे दोन होतो, दोघांचे चार होतो, त्यामुळे मूळचा मी कोणता हे मलाही सांगता येत नाही. आठवणी मात्र सगळ्या माझ्याकडे आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक भीतीच्या आहेत.

पहिली भीती बहात्तरच्या दुष्काळातली. तेव्हा मी तांबडी नावाच्या एका कालवडीच्या पोटात होतो. निलंग्याच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीकडे एक छोटं गाव आहे. त्या गावच्या बौद्ध वस्तीतला ग्यानोबा आणि त्याची बायको केवळाबाई यांची ती कालवड. त्या वर्षी कोठीपोट रिकामं पडू लागलं. दोन दोन दिवस वरून काहीच येत नसे. आलं तर छपराचं कुजकं गवत यायचं, बाभळीच्या शेंगा यायच्या, एकदा तर सिमेंटच्या पोत्याचा कागद आला. माझ्या शेजारचे झपाझप संपत गेले. एका काडीला चिकटून मी एवढंच म्हणत होतो, की ही काडी तरी संपू नये. केवळाबाई खडी फोडायच्या कामावर जायची आणि येताना पदरात पळसाची पानं घेऊन यायची. त्या पानांवर तांबडी जगली, म्हणून मीही जगलो.

दुसरी भीती उघड्या वाऱ्याची. वारा लागला की आम्ही मरतो. दुष्काळ सरल्यावर दोनेक वर्षांनी तांबडी व्याली. लालभडक गोऱ्हा झाला. त्या वेळी मी नेमका रवंथाबरोबर तिच्या तोंडात आलो होतो, आणि तिनं वासराला चाटायला जीभ बाहेर काढली! मी त्या जिभेवर होतो, मित्रांनो. जिभेवरून वासराच्या ओठावर, आणि तिथून त्याच्या तोंडात. किती वेळ गेला असेल? तुमच्या हिशेबानं दोन-चार श्वास. माझ्या हिशेबानं जन्म गेला. पण वासरानं ओठ चाटले आणि मी आत गेलो. असंच होतं नेहमी. कोणतंच वासरू आम्हाला घेऊन जन्माला येत नाही. आई चाटते, तेव्हा कुठे त्याच्या पोटात आमची वस्ती बसते. त्या गोऱ्ह्याचं नाव गुलब्या.

गुलब्या दोन वर्षांचा झाला, तेव्हा गावातला शेतकरी साहेबराव याला तो आवडला. साहेबराव आणि ग्यानोबा एकमेकांच्या बांधाला बांध लावून शेती करणारे. साहेबराव केवळाबाईला 'वैनी' म्हणायचा. गोऱ्ह्याचं दावं हातात देताना केवळाबाई म्हणाली होती, "याला मारायचं न्हाई बरं का, भाऊ. आईवानी गरीब हाय त्यो." साहेबरावानं ते पाळलं. गुलब्याच्या पाठीवर कधी कोरड्याचा वळ उठला नाही.

ती आमची कामाची वर्षं. नांगरट, कुळवाची पाळी, पेरणी, मळणी, निलंग्याच्या बाजारची गाडी. बाहेर गुलब्या घामाघूम व्हायचा आणि आत आम्ही. आठवड्यात एखादा दिवस निवांत मिळाला की तो लिंबाखाली बसून रवंथ करायचा. साहेबरावाची बायको कोंडाबाई त्याच्या कुशीला टेकून ज्वारी निवडायची आणि आमची घुमघूम तिच्या पाठीला लागायची. मला कान नाहीत, पण कातडीपलीकडचं बोलणं भिंतीतून माझ्यापर्यंत पोचतं. कोंडाबाई आल्यागेल्याशी बोलायची, त्यातूनच मला गावातलं सगळं कळे.

ग्यानोबा वारल्याचं असंच कळलं. आणि त्याच्या दुसऱ्या वर्षीचं तेही. त्या साली विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाड्यात गावोगाव भांडणं पेटली, आमच्या गावालाही झळ लागली. एका संध्याकाळी कुणीतरी केवळाबाईची कडब्याची गंजी पेटवून दिली. साहेबरावानं ती पेटवली नव्हती. पण तो चावडीपाशी उभा होता. त्याला दिसत होतं. तो पाणी घेऊन धावला नाही. त्यानंतर चार वर्षं दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं, आणि त्याच्या तोंडून 'वैनी' हा शब्द मी पुन्हा ऐकला नाही.

आता सांगतो ती खरी भीती. ती ब्याऐंशी सालातली आहे.

त्या साली उन्हाळा संपता संपेना. मे महिन्यात गुलब्याचा जोडीदार बसला तो उठलाच नाही. साहेबराव एका बैलावर आला. जूनमध्ये पाऊस शिंपडून गेला, पेरण्या झाल्या, पिकं बोटभर वर आली आणि आभाळ पुन्हा कोरडं पडलं. गुलब्याला मिळायचा तो काळा पडलेला जुना कडबा आणि उसाचं वाळलेलं वाढं. आम्ही मात्र त्याची सवय करून घेतली होती. कडक धागे सोडवणारे तेवढे उरलो होतो. गोडधोड खाणारी जंतूंची दुसरी एक जात आमच्यात असते, ती मंडळी कोपऱ्यात मूठभर उरली होती. कसंबसं चाललं होतं.

आणि ऑगस्टच्या मध्यावर लातूर जिल्हा झाला. एसटीला हार घालून आणली, पेढे वाटले. "आता कामासाठी उस्मानाबाद गाठायला नको, सकाळी जाऊन दुपारी घरी," असं साहेबराव गोठ्यात येऊन गुलब्यालाच सांगत होता. आणि दोन-तीन दिवसांतच पोळा आला.

पोळ्याला काय करतात ते तुम्हाला ठाऊक आहे. आदल्या दिवशी खांद्यांना लोणी-हळद चोळून खांदेमळणी. पोळ्याला आंघोळ, शिंगांना हिंगूळ, पाठीवर झूल, मारुतीच्या देवळापुढे फेरी. मग बैल दारोदार नेतात, घरची बाई पाय धुते, ओवाळते आणि पुरणपोळी खाऊ घालते. त्या वर्षी सगळ्या गावाच्या बैलजोड्या निघाल्या आणि गुलब्या एकटाच. त्याला बघून बायांचा जीव कळवळला. "जोडीदार गेला बिचाऱ्याचा," म्हणत प्रत्येकीनं त्याला एकाच्या जागी दोन पोळ्या दिल्या. कुणी तीन. गाव साठ उंबऱ्यांचं. घरी आल्यावर कोंडाबाईनं टोपलंभर गव्हाच्या घुगऱ्या पुढे ठेवल्या. माहेराहून मागून आणलेले गहू होते ते. तिनं त्याच्या मानेला मिठी मारली आणि म्हणाली, "खा माझ्या राजा. वरीसभर उपाशी राबलास. आज पोटभर खा."

मला तिला ओरडून सांगायचं होतं, नको, कोंडाबाई! पण मला आवाज कुठे आहे?

पोटात दिवस-रात्र नसते, त्यामुळे किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. आधी गूळ आला, मग पीठ, मग गहू, ढिगावर ढीग. कोपऱ्यातल्या त्या गोडखाऊंना आयतं ताट मिळालं. ते दोनाचे चार, चाराचे हजार झाले, आणि त्यांनी सोडलेला आंबटपणा वाढत गेला. तुमच्या जिभेला चिंच आंबट लागते ना? त्यानं तुम्ही डोळा मिचकावता. आम्ही त्यानं जळतो. माझ्या चारी बाजूंचे धागेसोडे एकेक करून निपचित पडले. काही फुटले. हाक मारली तर ओ देणारं कुणी उरलं नाही. नेहमी ढवळणारी पोटाची भिंत मंद झाली, मग थांबली. मी कडब्याच्या एका जाड पेराच्या आत शिरलो आणि तिथं गप्प राहिलो. ती शांतता मी कधीच विसरणार नाही. दहा वर्षांत पहिल्यांदा आमचं घर घुमायचं थांबलं होतं.

सकाळी गुलब्या उठला नाही. दात खात होता, डोळे खोल गेले होते. साहेबराव सायकलवर निलंग्याला पळाला आणि दवाखान्यातल्या श्रीमंतला घेऊन आला. श्रीमंत हा गुरांचा डॉक्टर, नुकताच नोकरीला लागलेला, किनवटकडच्या जंगलातल्या गावचा. त्यानं गुलब्याच्या डाव्या कुशीला कान लावला आणि तसाच बराच वेळ बसून राहिला.

"एका मिनिटात एकदा तरी घुमायला पाहिजे," तो म्हणाला. "इथं काहीच नाही." मग त्यानं कुशीत मूठ दाबली. आत पाणी खळखळलं, आणि मी माझ्या पेरासकट हेलकावलो. "काय खाऊ घातलं याला?"

कोंडाबाईनं सगळं सांगितलं. सांगता सांगता तिला कळलं आणि तिनं पदर तोंडात कोंबला. "म्या मारलं गा याला," ती म्हणाली. "माझ्या हातानं मारलं."

"मारलं नाही अजून," श्रीमंत म्हणाला. त्यानं खाण्याचा सोडा पाण्यात कालवून बांबूच्या नळकांड्यानं गुलब्याच्या घशात सोडला. आंबटपणा कमी झाला. मला जरा डोकं वर काढता आलं. पण आजूबाजूला सगळी प्रेतं.

"सोड्यानं आंबट मरतंय, पण एवढ्यानं भागणार नाही," श्रीमंत साहेबरावाला समजावत होता. "कडबा पचवणारे जीव असतात पोटात. ते गेलेत सगळे. चूल विझली की आपण शेजारून विस्तव आणतो ना? तसं निरोगी गुराच्या तोंडातला रवंथ काढून याला पाजावा लागेल. आमच्याकडं म्हातारे गुराखी करतात असं. आजच्या आजच पाहिजे."

साहेबराव उठला. "व्यंकटी आबाची जोडी हाय की. लगेच आणतो."

व्यंकटी आबा म्हणजे शेजारचा म्हातारा. तो तिथंच काठीवर हनुवटी टेकून बसला होता. "माझ्या बैलांना सकाळधरनं हगवण हाय," तो म्हणाला. "समद्या गावाचं तसंच. काल समद्यांनीच पोळ्या खाल्ल्या न्हवं, गाई-म्हशींनीबी."

"पोळी न खाल्लेलं एक तरी जनावर असेल गावात," श्रीमंत म्हणाला.

सगळ्यांना एकच नाव सुचलं होतं. छप्पन साली धर्म बदलला, तेव्हापासून बौद्ध वस्तीत पोळा होत नव्हता. गावाची फेरीही तिकडे जात नव्हती. वस्तीत गाय एकच उरली होती, केवळाबाईची तांबडी. तेरा-चौदा वर्षांची, दूध आटलेली. उन्हाळ्यात चारजणांनी बाजार दाखवायला सांगितलं होतं, पण केवळाबाईनं स्वतःच्या छपराचं गवत उपसून तिला घातलं होतं.

शेवटी व्यंकटी आबाच बोलला. "तिच्या गाईच्या तोंडातलं? उष्टं? आपल्या बैलाच्या तोंडात?"

"आबा, दुपार टळली तर बैल जाईल," श्रीमंत एवढंच म्हणाला.

भीतीनं माझं आता पाणी पाणी झालं. मला गुलब्याची धडधड ऐकू येत होती. ती हळू होत चालली होती. आणि बाहेर माणसं विचार करत होती! साहेबराव का उठत नाही, ते मला कळत होतं. उष्ट्याचं त्याला काही वाटत नव्हतं. त्याला त्या दारात उभं राहायची भीती वाटत होती. माझ्यासारखा भित्रा त्याला काय बोल लावणार? पण तो उठला. मी त्याच्या वहाणांचा आवाज दूर जाताना ऐकला.

तिथं काय झालं ते कोंडाबाईच्या तोंडून पुढे मला कळलं, कारण तीही नवऱ्यामागून गेली होती. केवळाबाई दारात गोवऱ्या रचत होती. तिच्या अंगणात जळक्या गंजीचा काळा गोल चार वर्षांनीही तसाच होता, तिथं तिनं काही लावलं नव्हतं. साहेबराव त्या गोलाच्या अलीकडेच थांबला.

"वैनी," तो म्हणाला. "गुलब्या मराय लागलाय."

केवळाबाईनं हातातली गोवरी रचली, दुसरी उचलली. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझी गंजी जळत हुती तवा तुमी बघत हुता, साहेबराव."

"हाव," साहेबराव म्हणाला. "बघत हुतो. पाणी हुतं, तरी आलो न्हाई."

केवळाबाईनं हातातली गोवरी खाली ठेवली. कोंडाबाईला वाटलं, आता ही दार लावून घेणार.

"गुलब्या न्हवता बघत," केवळाबाई म्हणाली, आणि तांबडीचं दावं सोडायला गेली.

साहेबरावाच्या अंगणात गाय आली तेव्हा अर्धा गाव गोळा झाला होता. व्यंकटी आबा पुन्हा पुटपुटला, "उष्टं ते उष्टं." केवळाबाई त्याच्यापुढे उभी राहिली. "आबा, ह्याच गाईनं चाटून चाटून ह्याला उभा केला. तिचंच खाऊन त्यो वाढला. त्यालाच तुमी समद्यांनी काल ववाळलं. तवा न्हवतं व्हय उष्टं?"

व्यंकटी आबा काठी टेकत बाजूला झाला.

पण पुढचं संकट माणसांचं नव्हतं. तांबडी रवंथच करेना! अनोळखी अंगण, एवढी गर्दी, नव्या माणसांचा वास. ती कान टवकारून उभीच. श्रीमंत म्हणाला, "तिला भीती वाटतेय. भ्यालेलं जनावर रवंथ करत नाही. आणि तिच्या घरी काढून भांड्यात आणता येत नाही, वाऱ्यानं मरतात ते जीव. ती बसली पाहिजे, निवांत झाली पाहिजे. सगळ्यांनी गप्प बसा."

मग अख्खा गाव गप्प बसला. मित्रांनो, एरवी गुलब्यापाशी कधी एवढी माणसं इतकी शांत बसलेली मी अनुभवली नाहीत. लेकरांना घरी पाठवलं. कुणी विडी पेटवली नाही. केवळाबाई लिंबाच्या मुळाशी बसली आणि तांबडीच्या गळ्याखाली खाजवू लागली. ऊन चढलं. कोंडाबाईनं घरातून पाण्याची लोटी आणली. तिच्या घरची नेहमीची पितळी लोटी. केवळाबाईनं ती तोंडाला लावली, अर्धी प्यायली, उरलेलं पाणी हातावर घेऊन गाईच्या नाकाला लावलं आणि लोटी कोंडाबाईच्या हातात परत दिली. व्यंकटी आबानं ते बघितलं.

मी आत मोजत होतो. धडधड, मग थांबा. धडधड, मग अजून मोठा थांबा. माझं पेर विरघळत आलं होतं. माझ्यापुरती मी आशा सोडली होती, खरं सांगतो. गुलब्याचं काय होणार, एवढंच मनात येत होतं. तो मेल्यावर वारा आत येईल, आणि तेव्हा मी जागा नसलो तर बरं.

तांबडी बसली. पुढचे पाय दुमडले, मग मागचे. थोड्या वेळानं तिच्या गळ्यातून एक गोळा वर सरकला, आणि तिचा जबडा हलू लागला.

श्रीमंतानं चपळाई केली. हात तोंडात, गोळा बाहेर, कोमट पाण्यात, ढवळला की नळकांड्यात, आणि नळकांडं गुलब्याच्या घशात. मी वरून येणारा तो लोट ऐकला आणि माझी जुनी भीती जागी झाली. किती जगले असतील? वारा लागला असेल. त्या जिभेवरचे दोन-चार श्वास मला आठवले.

हिरवट, कोमट पाणी खाली आलं. त्यात निम्मे मेलेले होते. पण निम्मे हलत होते! एक माझ्या पेराला येऊन चिकटला. आम्हाला तोंडं नसतात, तरी मी त्याला ओळखलं. तो माझाच होता. तांबडीच्या पोटात मागे राहिलेल्या माझ्या अर्ध्याचं अर्धं, आठ वर्षांनी भेटलेलं. तोही भेदरलेला होता, अगदी माझ्यासारखा. मला रडू आलं असतं, डोळे असते तर.

श्रीमंतानं दुपारभरात तीन वेळा तसंच केलं. तिन्ही वेळा सगळ्यांनी गप्प बसून गाईची वाट बघितली. मग सगळ्यांना जायला सांगितलं. केवळाबाई आणि गाय मात्र थांबल्या. संध्याकाळी पुन्हा एकदा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. श्रीमंत मूठभर बारीक कडबा पुढे टाकायला सांगे, आणि त्यातला एखादा धागा खाली आला की आम्ही त्याच्यावर तुटून पडायचो. दोनाचे चार झालो. चाराचे आठ.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोटाची भिंत हलली. एकदा, हळूच. मग पुन्हा. कोंडाबाई कुशीला कान लावून बसली होती. ती ओरडली नाही. तिनं फक्त साहेबरावाचा हात धरून ओढला आणि त्याचं डोकं कुशीला टेकवलं. "घुमायलंय," तो म्हणाला.

मित्रांनो, गुलब्या वाचला. साहेबरावानं त्या दिवसापासून बांधावरच्या गवताचा एक भारा एक दिवसाआड केवळाबाईच्या दारी टाकला. गंजीच्या काळ्या गोलावर टाकायचा. सुरुवातीला केवळाबाई तो उचलून बाजूला ठेवायची आणि मग गाईला घालायची. पुढे पुढे तिथंच घालू लागली. बाकी गाव एका दिवसात बदललं, असं मी म्हणणार नाही. व्यंकटी आबा आजारी पडेपर्यंत त्या लोटीबद्दल कुरकुरत होता.

तांबडी त्या हिवाळ्यात गेली. म्हातारी होती, शांतपणे गेली. केवळाबाई लोकांपुढे रडली नाही.

म्हणून सांगतो, पोळ्याला बैलाला पोळी जरूर द्या, पण एकच द्या. उपाशी पोटावर प्रेमाचा ढीग घालू नका. दूध आटलेल्या गाईला बाजार दाखवण्याआधी तिच्या पोटात कोण राहतं याचा विचार करा. आणि कुणाच्या अंगणात आग लागली, तर बघत उभे राहू नका. हे मी, एक भित्रा जंतू, तुम्हाला विनवतो. मला अजूनही सगळ्याची भीती वाटते. वाऱ्याची, आंबटाची, गोड हातांची, आणि सगळ्यात जास्त, ते घुमणं थांबण्याची.

तांबडी गेल्यावर आठ-दहा दिवसांनी केवळाबाई साहेबरावाच्या गोठ्यात आली. गुलब्याजवळ बसली आणि श्रीमंतासारखा त्याच्या डाव्या कुशीला कान लावला. आम्हाला बाहेरून तिचा श्वास ऐकू आला. आत सगळे एकदम थांबल्यासारखे झाले, आणि मग आम्ही, तांबडीचे सगळे, जीव तोडून घुमलो.

"हाय," केवळाबाई म्हणाली. "हाय गं माय तू."